स्कूल बसला कॅमेऱ्याचा दंड: भांडण कॅमेऱ्याशी की थांब्याशी?

जून २०२५. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि बातमी आली की २ जुलैपासून राज्यातल्या स्कूल बस बंद राहणार. अशा बातमीमागे एरवी डिझेलचे दर किंवा भाडेवाढ असते. या वेळी कारण होते ई-चलान. मालवाहतूकदार आणि खासगी प्रवासी बसवाल्यांनी पुकारलेल्या बेमुदत संपात स्कूल बसमालकांची संघटनाही उतरणार होती. तिचे म्हणणे असे की शाळेसमोर किंवा सोसायटीच्या गेटवर मुलांना चढवता-उतरवताना बस थांबते, कॅमेऱ्यात तिचा फोटो निघतो आणि मालकाच्या मोबाइलवर दंड येतो. आधीचे असे दंड माफ करा आणि मुलांना उतरवण्याच्या जागा ठरेपर्यंत नवे लावू नका, ही मागणी होती. सरकारशी चर्चा झाल्यावर स्कूल बस संघटनेने संपातून माघार घेतली. वाहतूकदारांच्या तक्रारींनंतर त्याच महिन्यात राज्याच्या महामार्ग पोलिसांनी, वाहतूक पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर वाहनांचे फोटो काढून चलान करू नये, असा आदेश काढला.

समाजमाध्यमांवर मात्र वाद तिथे थांबला नाही. एक बाजू म्हणते, ज्या गाडीत चाळीस मुले बसतात तिला तर दुप्पट दंड हवा. दुसरी म्हणते, मुलांना मग उडी मारून उतरायला सांगायचे का? दोघांचेही चुकत नाही, कारण दोघे वेगवेगळ्या दंडांबद्दल बोलत आहेत.

चाकणच्या रस्त्यावरची सकाळ

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जास्त टोकदार होतो. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झाले आणि चाकण, तळेगाव, हिंजवडी हा सगळा भाग त्याच्या हद्दीत आला. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, कुरुळी करत चाकणला जाणारा रस्ता हा पुणे-नाशिक राष्ट्रीय महामार्ग. चाकणमध्ये त्याला तळेगाव चौकात तळेगाव-शिक्रापूर रस्ता छेदतो. कंटेनर, सुट्या भागांचे ट्रक, कामगारांना आणणाऱ्या कंपन्यांच्या बस आणि शाळेच्या पिवळ्या बस हे सगळे याच दोन रस्त्यांवर असतात, आणि बहुतेक वेळा एकाच तासाला.

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवण्याचे परिपत्रक काढले. मुलांची झोप पूर्ण व्हावी हा हेतू. पण सकाळी ७ ची शाळा जनरल पाळीच्या गर्दीआधी आटोपायची, ९ ची शाळा थेट त्या गर्दीत सापडते. बसमालकांचा विरोध याच मुद्द्यावर होता.

मोशी-चिखली भागात गेल्या काही वर्षांत सोसायट्या झपाट्याने उभ्या राहिल्या. गेटसमोर रस्ता आहे, पण बसला बाजूला घ्यायला खाच नाही. सर्व्हिस रोड असला तर त्यावर टेम्पो, भाजीच्या गाड्या आणि दुचाक्या. मग बस मुख्य लेनमध्येच थांबते. मागून येणाऱ्या ट्रकला समोर फक्त अडथळा दिसतो, त्या अडथळ्याच्या पुढून रस्ता ओलांडणारे पहिलीतले पोर दिसत नाही.

नियम काय सांगतो?

कॅमेऱ्याने दंड करण्याचा आधार २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३६अ. त्याखालचा नियम, केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ, ऑगस्ट २०२१ मध्ये आला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरील धोक्याच्या व गर्दीच्या टप्प्यांत आणि दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांतल्या महत्त्वाच्या चौकांत अशी यंत्रणा लावायची आहे. पिंपरी-चिंचवड या वर्णनात बसते. चाकण नगरपरिषदेचे गाव असले तरी महामार्गामुळे तेही बसते.

या नियमात वाहनधारकाच्या बाजूच्या काही अटी आहेत, त्या मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना सहसा माहीत नसतात. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी इशारा देणारी पाटी ठळक दिसली पाहिजे. यंत्राला मंजुरीचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नवे करून घ्यायला हवे. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस गेली पाहिजे. चलानासोबत नंबरप्लेट आणि गुन्हा स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, जागा आणि कोणते कलम मोडले ते द्यायला हवे. एखाद्या चलानावर हरकत घ्यायची तर महाट्रॅफिक अॅपवर किंवा राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रार करता येते. तिथे ‘आमच्यावर अन्याय झाला’ यापेक्षा ‘फोटोत पाटी दिसत नाही’ हे वाक्य जास्त उपयोगी पडते.

आता वादाचे मूळ. कॅमेऱ्याने पकडता येतील अशा गुन्ह्यांच्या यादीत वेगमर्यादा, लाल सिग्नल, उलट्या दिशेने गाडी घालणे, मोबाइलवर बोलणे हे आहेच, आणि ‘परवानगी नसलेल्या जागी थांबणे किंवा पार्किंग’ हेही आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून अशा पार्किंगला पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपये दंड आहे. बसला रोज त्याच जागी थांबावे लागते, म्हणजे दुसऱ्या चलानापासून ती कायमची १,५०० च्या रांगेत. एक-दोन बस चालवणाऱ्या मालकाला हे परवडत नाही आणि शेवटी ते पालकांच्या खिशाकडे वळते. २०२५-२६ साठी बसमालकांच्या संघटनेने १८ टक्के भाडेवाढ जाहीर केली, तेव्हा दिलेल्या कारणांत वाहतूक दंडही होता.

सिग्नल तोडणारी किंवा वेगाने जाणारी स्कूल बस आणि मूल उतरेपर्यंत थांबलेली स्कूल बस यांना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही. पहिलीला माफी मागणे हा निर्लज्जपणा होईल. दुसरीच्या बाबतीत फोटो एवढेच सांगतो की गाडी उभी होती. ती किती वेळ आणि कशासाठी उभी होती, हे एका फोटोत येत नाही.

आणखी एक गोष्ट कॅमेऱ्याला दिसत नाही. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीत, परवाना नसताना, पंधरा मुले कोंबून नेणारा माणूस त्याच्या लेखी कुटुंब घेऊन निघालेला सद्गृहस्थ असतो. पिवळी बस मात्र रंगामुळेच डोळ्यांत भरते. नियमाने चालणाऱ्याला दंड आणि चोरून चालणाऱ्याला मोकळे रान, ही बसमालकांची तक्रार निव्वळ रडगाणे म्हणून सोडून देता येणार नाही.

थांबा ठरवायचा कोणी?

याचे उत्तर राज्याकडे २०११ पासून आहे. महाराष्ट्र मोटार वाहन (स्कूल बसकरिता विनियम) नियम, २०११ नुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण विभाग, स्थानिक संस्था आणि बस ठेकेदार. मुलांच्या ने-आणीची सुरक्षितता, भाडे आणि थांबे हे तिचे विषय. म्हणजे दंड करणारे पोलीस, रस्त्याची मालक महापालिका आणि दंड भरणारा ठेकेदार, तिघेही एकाच टेबलावर बसणे अपेक्षित आहे.

थांबे त्या टेबलावर ठरले, महापालिकेने तिथे पट्टे मारले आणि पाटी लावली, तर ती जागा कॅमेऱ्याच्या लेखीही परवानगीची होते. हे काम फार खर्चिक नाही. पण अनेक ठिकाणी समिती कागदावर असते आणि थांबा चालकाच्या सवयीने पडतो.

यासाठी चाकणकडे एक संधीही आहे. नाशिक फाटा ते खेड या सुमारे ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च ७,८२७ कोटी रुपये. खालचा रस्ता आणि सर्व्हिस रोड सुधारणे त्यातच आहे. बससाठीच्या खाचा खांब उभे राहण्याआधी आराखड्यात घालणे सोपे असते, नंतर त्यासाठी फूटपाथ तोडावा लागतो.

बसवरच कॅमेरा लावला तर?

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून एक व्हिडिओ हमखास येतो: पिवळी बस थांबते, तिच्या बाजूने ‘स्टॉप’ची लाल पाटी बाहेर येते आणि रस्ता गोठल्यासारखा थबकतो. तिथे पाटी बाहेर असताना बसला ओलांडून जाणे गुन्हा आहे. तरीही तो सर्रास होतो. शाळा वाहतूक अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाहणीत एका दिवसाच्या मोजणीवरून वर्षाचा अंदाज काढतात, तो ४ कोटींच्या आसपास जातो. म्हणून अनेक राज्यांत बसच्या बाजूला कॅमेरे लावले आणि ओलांडणाऱ्या गाडीच्या मालकाला नोटीस जाऊ लागली. तिथेही वाद आहेच. बऱ्याच ठिकाणी कॅमेरे खासगी कंपनी लावते आणि दंडात वाटा घेते. फ्लोरिडातील मायामी-डेड काउंटीत चुकीच्या नोटिसांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये शेरीफने हा कार्यक्रम थांबवला.

तसा कॅमेरा मोशीच्या बसवर लावायला तांत्रिक अडचण नाही. १६७अ मध्ये डॅशबोर्ड कॅमेराही मान्य साधनांत आहे. अडचण कायद्याची आहे. उभ्या स्कूल बसमागे सगळ्यांनी थांबलेच पाहिजे, असे कलम आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. बसवरचा कॅमेरा ट्रकचा फोटो काढेल, पण ‘बसला ओलांडले’ एवढ्यावरून त्या ट्रकचा गुन्हा कोणता लिहायचा? आज इथे थांबलेली बस आरोपी आहे, तिथे थांबलेली बस फिर्यादी.

आतला कॅमेरा वेगळा

वादात सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना उघड झाली. त्याच वर्षी पुण्यात वानवडी परिसरात स्कूल व्हॅनच्या चालकाला दोन लहान मुलींवरील अत्याचाराच्या आरोपाखाली अटक झाली. त्यानंतर परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये शाळेच्या वाहनांत जीपीएस, सीसीटीव्ही आणि पॅनिक बटणाची सक्ती करण्याचे जाहीर केले. या कॅमेऱ्याचा चलानाशी संबंध नाही. त्याचा प्रश्न वेगळा: चित्रण कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार? नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांत मुलांवर पाळत ठेवण्याच्या बंदीतून शाळेच्या वाहतुकीला सवलत आहे, पण ती प्रवासात मुलाचे ठिकाण कळण्यापुरती. सोसायटीच्या ग्रुपवर बसच्या आतली क्लिप टाकणे त्या सवलतीत बसत नाही.

चलान मालकाला, स्टिअरिंग चालकाकडे

१८ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात शाळेच्या बससाठी अटी घातल्या, ज्या पुढे देशभरच्या शाळांच्या नियमावल्यांत आल्या. वेग ४० च्या आत ठेवणारा नियंत्रक त्यातलाच. दुसरी अट कमी माहीत आहे: सिग्नल तोडण्यासारख्या गुन्ह्यांत वर्षात दोनपेक्षा जास्त चलान झालेला, किंवा वेगाने अथवा दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एकदाही चलान झालेला चालक शाळेच्या बसवर नको.

त्या काळी पोलीस चालकाला अडवून पावती फाडत, नाव त्याचे लागे. कॅमेऱ्याचे चलान नंबरप्लेटवरून मालकाकडे जाते. मालक भरतो किंवा लोक अदालतीची वाट पाहतो, आणि त्या सकाळी स्टिअरिंगवर कोण होते याची नोंद कुठेच होत नाही. परिवहन समितीत बसणाऱ्या पालकाला हे विचारता येते. बसच्या चलानांची यादी मालकाच्या मोबाइलवर असते, कोणत्या दिवशी कोणता चालक होता ते ठेकेदाराच्या वहीत असते. दोन्ही शेजारी ठेवले की थांब्याचे दंड कोणते आणि लाल सिग्नलचे कोणते, हे दहा मिनिटांत कळते.