कसाव, चहा आणि परीक्षा

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे जुने गाव आता खारघरच्या वसाहतीत मिसळून गेले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या नवी मुंबई मेट्रोच्या एका स्थानकाला त्याचे नाव मिळाले. बाहेरच्या माणसाला त्याची ओळख बहुधा तेवढीच. परंतु या परिसरातील टपऱ्यांवर रोज उकळणाऱ्या काळ्या चहाचा खारघरशी आणखी एक संबंध आहे. १९५२ साली परळ येथे स्थापन झालेली कर्करोग संशोधन संस्था या शतकाच्या आरंभी खारघरला आली व टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संस्थेचा भाग म्हणून तिचे कार्य सुरू राहिले. तेथे डॉ. गिरीश मारू व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या चहातील द्रव्यांची अनेक वर्षे परीक्षा केली. कडू-तुरट वनस्पतींच्या काढ्यांना औषध मानण्याची परंपरा बौद्ध वाङ्मयात फार प्राचीन आहे. औषध मानणे आणि औषध म्हणून तपासणे यांतील अंतर कसे कापले गेले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

महावग्गातील सहावा खंधक ‘भेसज्जक्खंधक’ या नावाने ओळखला जातो. श्रावस्तीत शरद ऋतूतील आजाराने भिक्खू कृश झाले, खाल्लेले अन्न पोटात ठरेना. तेव्हा भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध व फाणित ही पाच औषधे अनुज्ञात केली. पुढे मुळे, पाने, फळे, डिंक, मीठ अशी यादी वाढत जाते. तिच्यात ‘कसाव’ हा एक वर्ग आहे. नीम, कुटज, पटोल, फग्गव आणि नत्तमाल यांचे काढे त्यात मोडतात. कुटज म्हणजे आपला कुडा, नत्तमाल म्हणजे करंज. रायगडच्या माणसाला ही झाडे नवखी नाहीत. ‘कसाव’ म्हणजेच संस्कृतातील ‘कषाय’. वनस्पतींच्या अशाच काढ्यांत रंगविल्यामुळे चीवरालाही ‘काषाय’ हे नाव पडले. जिभेला जाणवणारा तुरटपणा मुख्यतः ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांना आजचे रसायनशास्त्र पॉलिफेनॉल म्हणते, आणि चहाच्या कोवळ्या पानाच्या कोरड्या वजनात त्यांचा वाटा साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असतो. बुद्धकालीन मगधात चहा नव्हता, हे उघड आहे. पण चहा ज्या कुळातील पेय आहे ते कूळ विनयाला परिचित होते.

या अनुज्ञेला जोडलेली अट अधिक महत्त्वाची आहे. कारण असेल तरच या वस्तूंचे सेवन करावे. कारण नसताना केल्यास दुक्कट आपत्ती घडते. औषध हे रोगाच्या संदर्भातच औषध असते, हा विचार त्या अटीत स्पष्ट दिसतो. जीवकाची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला भोवतालच्या एक योजन परिसरातून औषध नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले आणि तो रिकाम्या हाती परतला. ही कथा हल्ली कोणत्याही काढेविक्याच्या तोंडी शोभेल. मात्र जीवकाचे उत्तर सारा परिसर धुंडाळल्यानंतरचे होते, हे तो विक्रेता सांगत नाही.

चहाचा आणि संघाचा प्रत्यक्ष संबंध चीनमध्ये आला. आठव्या शतकात चहावरील पहिला प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा लू यू हा टाकून दिलेला अनाथ मुलगा होता व तो बौद्ध विहारात वाढला. ध्यानाला बसणाऱ्या भिक्खूंना जागे ठेवणारे आणि विकाळभोजनाचा नियम न मोडणारे पेय म्हणून चहा विहारांत रुळला. जपानी भिक्खू एइसाई याने ११९१ मध्ये चीनहून परतताना चहाचे बी नेले आणि १२११ मध्ये चहापानाने आरोग्य कसे राखावे यावर एक पुस्तक लिहिले. त्याची मांडणी अशी : शरीरात पाच मुख्य अवयव आहेत, प्रत्येकाला एक रस प्रिय आहे, हृदयाला कडू रस प्रिय आहे, चहा कडू आहे, म्हणून चहा हृदयाला बळ देतो. मांडणी सुबक आहे, पण तिच्यात कोठेही परीक्षा नाही. केसपुत्ताच्या कालामांना भगवंतांनी ज्या गोष्टींवर विसंबू नका असे सांगितले त्यांत परंपरा व ग्रंथ यांच्याबरोबर निव्वळ तर्काचाही समावेश आहे. आपण त्या सुत्ताचा पहिला भाग सभांतून वारंवार सांगतो, हा दुसरा भाग सहसा सांगत नाही. एइसाईविषयी पूर्ण आदर बाळगूनही त्याचा युक्तिवाद या दुसऱ्या प्रकारातच घालावा लागतो.

जंतुनाशक म्हणून चहाची आधुनिक परीक्षा केली ती ब्रिटिश लष्कराच्या एका डॉक्टराने. सैन्यात विषमज्वराने माणसे मरत होती. मेजर जे. जी. मॅकनॉट यांनी १९०६ मध्ये थंड व कोमट चहात विषमज्वराचे जंतू सोडून पाहिले. चार तासांत त्यांची संख्या पुष्कळ घटली आणि वीस तासांनंतर थंड चहातून ते मिळेनासे झाले. सैनिकांच्या पाण्याच्या बाटल्यांत चहा भरावा, अशी सूचना त्यांनी केली. येथे ‘थंड’ हा शब्द मोलाचा आहे. चहा करताना पाणी उकळते आणि उकळल्याने जंतू मरतात; तेव्हा उकळत्या चहाने जंतू मेले तर श्रेय पानाचे की विस्तवाचे, हे कळत नाही. मॅकनॉट यांनी विस्तव बाजूला काढला आणि पानाला प्रश्न विचारला.

या प्रयोगानंतर एकवीस वर्षांनी, पनवेल ज्या कुलाबा जिल्ह्यात होते त्याच जिल्ह्यातील महाड येथे, पेय पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न अगदी वेगळ्या रीतीने सोडविला गेला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरींनी तळे ‘शुद्ध’ करून घेतले. ज्या काळात पाण्यातील जंतू मोजण्याची विद्या मुंबईच्या प्रयोगशाळांत शिकविली जात होती, त्या काळात माणसाच्या ओंजळीने पाणी विटाळते आणि शेणाने ते निवळते असे मानले गेले. टपरीवरचा वेगळा ठेवलेला कप याच समजुतीचा पुढचा अंश. त्या कपातील चहा इतरांच्या कपातल्यासारखाच होता. परीक्षा कोणीच केली नव्हती, निर्णय मात्र झालेला होता.

चहातील कोणते द्रव्य काम करते, हा प्रश्न रसायनशास्त्राने सोडविला व त्यात एका स्त्रीचा वाटा मोठा आहे. मिचियो त्सुजिमुरा यांनी होक्काइदो विद्यापीठात संशोधनाला आरंभ केला तेव्हा तेथे स्त्रियांना विद्यार्थी म्हणून प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी विनावेतन साहाय्यक म्हणून काम पत्करले. पुढे १९२९ मध्ये त्यांनी हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे काढले आणि १९३२ मध्ये कृषिशास्त्रातील डॉक्टरेट मिळविणारी पहिली जपानी स्त्री हा मान मिळविला. दाराबाहेर उभे राहून विद्या मिळवावी लागणे म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आज अशा परीक्षेच्या पद्धती ठरून गेल्या आहेत. पान वाळवून, दळून पाण्यात किंवा मद्यार्कात भिजवतात व गाळून अर्क घेतात. काचेच्या बशीत आगराच्या थरावर जंतू पसरतात, थरात खळगे पाडून एकात अर्क, दुसऱ्यात माहितीचे प्रतिजैविक आणि तिसऱ्यात नुसता द्रावक घालतात. ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत रात्रभर ठेवल्यावर खळग्याभोवती वाढ थांबलेले जे वर्तुळ दिसते त्याचा व्यास मोजतात. तिसरा खळगा वगळला तर सारा प्रयोग व्यर्थ. कारण मग जंतू अर्काने मेले की मद्यार्काने, हे सांगता येत नाही. ऑक्सिडीकरणरोधक गुण पाहण्यासाठी १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी मांडलेली रीत प्रचलित आहे. जांभळ्या रंगाच्या एका अस्थिर द्रव्यात अर्क मिसळला की रंग फिकट होत पिवळ्याकडे झुकतो. तो किती उतरला यावरून अर्काचे सामर्थ्य ठरते व क जीवनसत्त्वाशी त्याची तुलना करतात.

जगभरचे बहुतेक संशोधन हिरव्या चहावर झाले. आपण पितो तो काळा चहा. पान चुरून हवेत ठेवल्यावर कॅटेचिने एकमेकांत गुंफली जाऊन मोठे, तांबूस-तपकिरी रेणू तयार होतात. ते वेगळे करणे कठीण, म्हणून त्यांचा अभ्यासही मागे राहिलेला. खारघरच्या संशोधकांनी नेमके हेच अवघड काम हाती घेतले. त्यांनी या गुंफलेल्या पॉलिफेनॉलांचे भाग वेगळे काढले. तंबाखूच्या धुरातही असणारे बेन्झोपायरीन डीएनएला चिकटते, ते प्रमाण या भागांमुळे घटते, असे २००४ मध्ये, तर उंदरांच्या त्वचेवर रसायनांनी घडविलेल्या अर्बुदांना त्यामुळे आळा बसतो, असे २००८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. दूध-साखर घातलेल्या कपावरचे हे प्रयोग नव्हेत आणि माणसावरचेही नव्हेत, हे त्यांच्या निबंधांच्या शीर्षकांवरूनच कळते. वृत्तपत्रांतील मथळ्यांवरून मात्र ते कळत नाही.

बशीतील निष्कर्ष शरीरात जसाच्या तसा उतरत नाही. चहातील मुख्य कॅटेचिन प्रयोगशाळेतील पोषक द्रवात स्वतःच ऑक्सिडीकृत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते. म्हणजे पेशी मरतात त्या काही वेळा चहाने नव्हे तर या उपपदार्थाने. शिवाय प्यालेल्या चहातील फार थोडे कॅटेचिन रक्तात पोहोचते. चहाच्या अर्काचे सिद्ध औषध आहे, नाही असे नाही : २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विशिष्ट चामखिळींसाठी हिरव्या चहाच्या अर्काचे मलम मान्य केले. पण ते मलम आहे, ठराविक रोगासाठी आहे. उलट २०१८ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने असे नोंदविले की, पूरक गोळ्यांतून या कॅटेचिनचे दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक सेवन झाल्यास यकृताला इजा झाल्याची चिन्हे रक्तात दिसू शकतात. कपभर चहा निरुपद्रवी म्हणून त्याचा घट्ट अर्कही निरुपद्रवी, हे अनुमान चूक आहे. विनयातील ‘कारण असेल तरच’ ही अट येथे आठवते.

तुरट द्रव्याचा आणखी एक गुण आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. जंतूंना व मुक्त मूलकांना आवरणारे हेच पॉलिफेनॉल पोटात अन्नातील लोहालाही बांधून ठेवते, विशेषतः भाकरी, डाळ व पालेभाजीतील लोहाला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. वर्षावासातील भोजनदानानंतर लगेच चहाची किटली फिरविण्याची रीत आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे. ती किटली धम्मदेसना आटोपल्यावर, तासाभराने फिरविली तर चहाही मिळेल आणि ताटातील लोहही अंगी लागेल. आणि ताटात लिंबाची फोड असेल तर अधिकच, कारण क जीवनसत्त्वामुळे हे लोह सुलभतेने शोषले जाते.