विद्यार्थी नियतकालिकांचे स्वातंत्र्य

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात किंवा भित्तिपत्रकात विद्यार्थ्यांना निर्भयपणे लिहिता येण्याचा हक्क. राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(क) मध्ये तो अभिप्रेत आहे. पण हा अनुच्छेद मुख्यतः शासनाला बांधतो, खाजगी संस्थाचालकाला तितका थेट नाही. वार्षिकांकात प्राचार्यांचे मनोगत आधी येते, संपादक बहुधा प्राध्यापकच असतो आणि भित्तिपत्रकाच्या काचफलकाची किल्ली कार्यालयात राहते. लेखाचा निकाल छापण्याआधीच लागतो, म्हणून खरा प्रश्न पूर्वपरवानगीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्ये ब्रिजभूषण खटल्यात वृत्तपत्रावरील पूर्वनियंत्रणाचा आदेश रद्द ठरवला. तेच तत्त्व इथे नैतिक कसोटी म्हणून लागू व्हावे.

खर्च संस्था करते आणि बदनामीचा दावाही तिच्यावरच येईल, हा आक्षेप वजनदार आहे. मात्र बदनामीसाठी कायदा आहेच. त्या भीतीपोटी शुल्क, वसतिगृह किंवा वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतील कंत्राटी कामावरचा लेख अडवणे समर्थनीय नाही. शुल्कातून अंकासाठी पैसे घेतले जात असतील, तर विद्यार्थी निव्वळ लाभार्थी उरत नाहीत. अधिकृत अंकाबाहेरचे एक उदाहरण पाहा: औरंगाबादेत 1967 साली ‘अस्मिता’ हे नियतकालिक सुरू झाले, तेच पुढे गंगाधर पानतावणे संपादित ‘अस्मितादर्श’. प्राध्यापक आणि लेखकांनी चालवलेल्या या नियतकालिकाने दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ दिले. संस्थेच्या अधिकृत अंकाबाहेर केवढे लेखन उभे राहू शकते, हे त्यातून दिसते. विद्यार्थी संपादक मंडळ, नकाराचे लेखी कारण आणि त्यावर दाद मागण्याची सोय, एवढे नियम प्रत्येक महाविद्यालयाला आजही करता येतील.