दातातली चांदी



वालीवच्या कारखान्यांतून फिरताना एक गोष्ट आम्ही वारंवार पाहतो. दाढ ठणकू लागली की कामगार गालात लवंग धरतो आणि पाळी पुरी करतो. दवाखान्यात जावे तर खाडा पडतो. शेवटी तो जातो, ते दाढ काढून घ्यायलाच. म्हणून दात भरण्याच्या द्रव्यांचा इतिहास आम्ही कामगाराच्या बाजूने वाचला.

आपण 'चांदी भरली' म्हणतो, त्या चांदीत वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील व तांबे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे मिश्रण फ्रान्समधून पसरले. १८४५ साली अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संस्थेने ते न वापरण्याची शपथ सभासदांवर घातली. १८५६ साली संस्थाच मोडली. चांदी मात्र टिकली. सोन्याच्या वर्खाहून ती स्वस्त होती आणि वर्षानुवर्षे चावणे सोसत होती. गरिबांचे दात तिने राखले, हे नाकारता येणार नाही.

मग दोष कोठे? भरलेल्या चांदीने बहुतेक रोग्यांना अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही; चांगली बसलेली चांदी उगाच उकरू नये, असेच तज्ज्ञ सांगतात. परंतु खलात पारा घोटून फडक्यातून पिळणाऱ्या हातांना त्याची वाफ रोज मिळे, आणि मोरीतून गेलेला पारा शेवटी पाण्यात उतरे. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांत भयंकर रोग उजेडात आला. त्याचे मूळ पुढे रासायनिक कारखान्याने सोडलेल्या पाऱ्यात सापडले. तो पारा दंतवैद्यांचा नव्हता. पण खाडीकाठच्या वसईकरांना त्यातला बोध सांगावा लागू नये. त्याच गावाच्या नावाने २०१३ साली पाऱ्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१८ साली भारताने त्यास मान्यता दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय निकड सोडून, ही चांदी भरणे थांबविले.

तिची जागा घेणारी द्रव्ये तोवर तयार झाली होती. १९५५ साली बुओनोकोर यांनी आम्लाने दाताचे कवच खरबरीत करून त्यावर राळ चिकटविली. १९६२ साली बोवेन यांनी काचभुकटी मिसळलेल्या राळेचे पेटंट मिळविले. ही दातासारखी दिसते. पण भरताना दात कोरडा हवा, वेळ हवा, म्हणून पैसाही हवा. १९७२ साली विल्सन व केंट यांनी काच आणि आम्ल यांचे सिमेंट जाहीर केले. ते दाताला आपणहून चिकटते. मोठ्या दाढेत ते लवकर झिजते खरे. परंतु टांझानियात १९८०च्या दशकात विजेवाचून, केवळ हातातल्या हत्यारांनी दात साफ करून भरण्याची रीत रुजली, ती याच्याच बळावर. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक यादीत घातले.

येथे आमचे म्हणणे मांडतो. जे काम विजेवाचून होते, ते कारखान्याच्या उपाहारगृहात का होऊ नये? दाढ भरण्यासाठी खाडा का पडावा? आणि एक सावधगिरी: पारा गेला म्हणजे धोका गेला असे नव्हे. चिनीमातीच्या टोप्या घासणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांत धूळ बसून रोग झाल्याचे दाखले आहेत. रोग्याचा दात पांढरा दिसावा म्हणून दुसऱ्याची छाती खराब होता कामा नये. नव्या द्रव्याची पारख करताना तोंडाबरोबर ते घडविणारे हातही पाहावेत, एवढीच आमची विनंती आहे.