गाळ शेताचा, मैदानाचा नव्हे

पावसाळा संपला की सातारा-सांगलीच्या शाळा-महाविद्यालयांत मैदानाच्या दुरुस्तीचा विषय निघतो, आणि उपायही ठरलेला असतो. चार ट्रॉल्या माती आणायची, नदीकाठच्या गावात असेल तर पुराचा गाळ, साताऱ्याकडे असेल तर तांबडी माती किंवा बारीक मुरूम. ती पसरायची, पाणी मारायचे, जड रोलर फिरवायचा आणि युरिया फेकायचा. दिवाळीनंतर हिरवळ दिसली की काम फत्ते. गोल्फच्या मैदानावर दरवर्षी गवताला हजारो भोके पाडतात आणि त्यांत वाळू भरतात, असे सांगितले तर उत्तर मिळते, ‘ते श्रीमंतांचे चोचले, चांगल्या गवताची चाळण कशाला करायची?’ हे मत अडाणीपणातून आलेले नाही. ते शेतीच्या अनुभवातून आले आहे, म्हणूनच त्याचे खंडन शेतीच्याच अनुभवाने करायला हवे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. गाळ म्हणजे सोने, हा समज कृष्णाकाठी पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि तो खरा आहे. धरणातला गाळ शेतात नेण्यासाठी सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढली, तीही याच जाणिवेतून. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. असा पूर ओसरतो तेव्हा मागे उरलेला गाळ फुकट आलेला असतो. तो मैदानावर पसरला तर बिघडले काय?

बिघडते ते असे. शेतात गाळ पडला की शेतकरी नांगरतो, गाळ आणि खालची जमीन एकजीव होते. मैदान नांगरले जात नाही. तिथे गाळाचा थर थर म्हणूनच राहतो. पुढच्या वर्षी त्यावर दुसरा, मग तिसरा. बारीक कणांचा थर जाड कणांवर बसला, जसा मुरमावर गाळ, तर वरचा थर जवळजवळ पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खाली उतरतच नाही. बारीक छिद्रांची ओढ जास्त असते, ती पाणी सोडत नाहीत. खाली काळी जमीन असेल तर ती मुळातच सावकाश पाणी पिते, आणि वर गाळाचे झाकण बसल्यावर तेही बंद. गोल्फच्या हिरवळीत हाच नियम मुद्दाम वापरतात. सुमारे 30 सेंटिमीटर वाळूखाली 10 सेंटिमीटर खडी घालून त्या वाळूत हवी तेवढी ओल धरून ठेवायची, ही रचना अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1960 साली प्रसिद्ध केली. तिथे मोजून वापरलेला नियम आपल्याकडे नकळत गवताच्या मुळावर उठतो. मुळे वरच्या दोन बोटांत अडकतात. पाण्यातून प्राणवायू सरकतो तो हवेतल्या वेगाच्या सुमारे दहाहजाराव्या वेगाने. म्हणजे मातीतली छिद्रे पाण्याने भरलेली राहिली तर मूळ श्वास कशाने घेणार? वरून हिरवे दिसणारे हे गवत मार्चच्या उन्हात आठवडाभर पाणी चुकले की पिवळे पडते, आणि दोष उन्हाला दिला जातो.

रोलरचे समर्थन क्रिकेटमधून येते. ज्या सांगलीत विजय हजारे जन्मले, तिथे क्रिकेटचा शब्द वजनदार असणारच. काळ्या चिकण मातीची खेळपट्टी ओल पाहून, पुन्हा पुन्हा रोलर फिरवून घट्ट करावी लागते, हे बरोबर आहे. चेंडूला उसळी त्या घट्टपणामुळेच मिळते. पण ही गोष्ट 22 यार्डांची आहे. तो नियम सीमारेषेपर्यंत ताणला की उरलेले सगळे मैदान खेळपट्टी होते, आणि त्यावर पडणारी मुले गुडघे फोडून घेतात. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत पदक मिळवले, ते ज्या तांबड्या मातीच्या परंपरेतून आले तिथे आखाडा खोऱ्याने उकरून भुसभुशीत केल्याशिवाय जोड लागत नाही. अंगाखालची जमीन मऊ हवी, हे आपल्या वस्तादांना कुणी बाहेरून येऊन शिकवले नव्हते.

आता मैदानावरचे गवत, म्हणजे हरळी. ‘तिला काय जपायचे, ती मारून मरत नाही’ हा युक्तिवाद ऊसपट्ट्यात हमखास ऐकू येतो. शेतकरी तिच्या काशा, म्हणजे जमिनीतली खोडे, वेचून बांधावर टाकतो आणि ती बांधावरून परत येते. गोल्फच्या जगात गाजलेल्या संकरित हरळी याच कुळातल्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी त्यांतल्या अनेक तयार केल्या. पण हरळी शेतात का मरत नाही, हा प्रश्न कुणी पुढे नेत नाही. नांगराने काशा तुटतात, प्रत्येक तुकड्याच्या डोळ्यातून नवा कोंब फुटतो आणि त्याला मोकळी, हवेशीर माती मिळते. म्हणजे जे शेतात तिला फोफावू देते, कापणे आणि जमीन उघडणे, तेच आपण मैदानावर करायला घाबरतो. तीच हरळी दाट उसाच्या सावलीत मागे हटते आणि पायवाटेच्या कडक मातीत विरळ होते, हेही रोज दिसणारेच आहे. गोल्फवाले भोके पाडतात ती याच न्यायाने. जुने खोड कापले जाते, खालची माती उघडते, कोंब त्या वाळूतून वर येतो.

काळ्या मातीचा जाणकार इथे एक खरा आक्षेप घेईल. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, स्वतःच स्वतःला नांगरते; मग भोके कशाला? याचे उत्तर असे की रोज पाणी मारलेल्या मैदानाला भेगा पडूच दिल्या जात नाहीत. ते बाराही महिने फुगलेले आणि बंद राहते. आणि पाणी तोडून भेगा पडू दिल्या तर त्यांत धावणाऱ्याचा घोटा अडकतो.

वेळेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे खर्चाची सबब चालत नाही. हरळी उन्हाळी गवत आहे. 27 ते 35 अंशांत ती जोमाने पसरते. रात्रीचा पारा 15 च्या खाली गेला की तिची वाढ मंदावते. आपण दुरुस्ती काढतो ती पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे जखम करायची आणि भरून येण्याचा काळ नेमका टाळायचा. सांगलीकडे मेअखेर, पहिल्या वळवानंतर, हे काम करावे. साताऱ्याच्या पश्चिमेला पाऊस लवकर आणि जोरात येतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, माण तालुक्यात त्याचा दहावा हिस्सासुद्धा मुश्किलीने. त्यामुळे घाटाकडच्या गावांनी मेच्या मध्यालाच उरकावे. राहिले तर दुसरी संधी सप्टेंबरअखेरीची, तीही वाफसा आल्यावरच. वाफसा नसताना शेतात औत न घालणारा माणूस ओल्या मैदानावर रोलर फिरवतो, याचे मला खरोखर दुःख होते.

वाळू आणायची कुठून, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. येरळा, अग्रणी, माणगंगा या नद्यांची पात्रे उपसून आपण पुरेशी ओरबाडली आहेत. मैदानासाठी आणखी ओरबाडावीत असे मी म्हणणार नाही. म्हणून हिशोब करू. साधारण 12 मिलिमीटर जाडीची, 8 सेंटिमीटर खोल भोके पाच-पाच सेंटिमीटरवर पाडली तर एका चौरस मीटरमध्ये 400 भोके होतात आणि ती भरायला साडेतीन लिटरच्या वर थोडी वाळू लागते. दहा गुंठ्यांना सुमारे सव्वा ब्रास. सगळे मैदान एकदम करायचे नाही. गोलसमोरची जागा, गोलंदाजाची धाव, कबड्डीची कड असे झिजलेले तुकडे आधी घ्यायचे. दगडापासून केलेली वाळू चालते, मात्र धुऊन, तिची बारीक भुकटी काढून. भुकटीसकट टाकली तर ती गाळाचेच काम करते. वाळू भोकांत जाऊ द्यावी. काळ्या मातीत मूठभर मिसळून ढवळली तर सुकल्यावर विटेसारखी घट्ट होते, म्हणून अर्धवट मिश्रणाचा मोह टाळावा.

भोके पाडायला पोकळ दाते हवेत, जे माती उचलून बाहेर काढतात. भरीव खिळा माती बाजूला दाबतो आणि ओल्या काळ्या जमिनीत भोकाची भिंत लिंपून टाकतो. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे सामने नकोत. पाणी रोज शिंपडण्याऐवजी अंतराने, पण खोल जाईल असे द्यावे. युरिया एका चौरस मीटरला महिन्याला 11 ग्रॅमच्या आसपास पुरतो. कापणी करताना पातीचा तिसरा हिस्साच काढावा, एकदम तळाशी नेऊ नये. विहिरीचे पाणी खारट असेल तर आधी माती तपासावी. वाळवा-मिरजेकडच्या ऊसकऱ्यांना चोपण जमिनीत जिप्सम आणि जमिनीखालून निचऱ्याचे पाइप ही गोष्ट नवी नाही. तेच ज्ञान शाळेच्या कुंपणाच्या आत यायला हवे.

चोचल्यांच्या आरोपाबद्दल एवढेच. पुण्याचा गोल्फ क्लब 1885 पासून आहे आणि तो श्रीमंतांचाच आहे, हे कबूल. पण मुळे खोल गेली की गवत कमी पाण्यावर तगते, आणि याची गरज टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या आटपाडी-जतला जितकी आहे तितकी कुठल्याही क्लबला नाही. माणमधल्या मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली. तशा मुली आजही त्याच पट्ट्यात धावत आहेत, आणि त्यांच्या पायाखाली बहुतेक ठिकाणी दाबलेली माती आहे.

तालुका क्रीडा समित्यांनी आणि शाळांच्या व्यवस्थापनांनी यंदा गाळाच्या ट्रॉल्यांचे पैसे वाचवून दोन-चार शाळांत मिळून पोकळ दात्यांचे एक यंत्र घ्यावे. मे महिन्यात दहा गुंठे त्या पद्धतीने करावेत, उरलेले मैदान नेहमीसारखेच ठेवावे, आणि पुढच्या मार्चमध्ये दोन्हीकडची माती खुरप्याने उकरून मुळे किती खोल गेली ते मोजावे.