प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप: ओळख आणि चित्रे पाहण्याची ठिकाणे

दुसऱ्या महायुद्धानंतर जगात अनेक ठिकाणी चित्रकारांचे नवे गट उभे राहिले. युरोपातला 'कोब्रा' हा गट १९४८ साली स्थापन झाला आणि तीन वर्षांत संपला. तरीही नेदरलँड्समधील आम्स्टलवेन येथे १९९५ पासून त्याचे स्वतंत्र संग्रहालय आहे. त्याच्या एक वर्ष आधी, १९४७ साली, मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप सुरू झाला होता. केवळ या गटासाठी असे संग्रहालय मुंबईत नाही. त्याची चित्रे निरनिराळ्या संग्रहांत विखुरली आहेत. या गटाचे गुजरातशी आणि मराठी माणसांशी जवळचे नाते आहे, म्हणून सभासदांसाठी ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

स्थापना

फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे हे सहा संस्थापक. कलाशाळांत शिकवली जाणारी ब्रिटिश पद्धत त्यांना नको होती आणि बंगाली शैलीचे पुनरुज्जीवनही नको होते. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. अशा वेळी वेगवेगळ्या धर्मांचे आणि परिस्थितीचे सहा जण एकत्र आले. आरा घरकाम करून पोट भरत, तर सूझांना १९४५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकले होते. गटाचे पहिले प्रदर्शन १९४९ साली मुंबईत भरले आणि लेखक मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले.

पुढे सूझा आणि बाकरे लंडनला, रझा पॅरिसला गेले. वासुदेव गायतोंडे, मोहन सामंत, कृष्ण खन्ना हे नंतर गटात आले. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांनीही गटाबरोबर चित्रे मांडली. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथय्या त्या याच. १९५६ साली गट विसर्जित झाला.

आपले नाते

हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. मुंबईत ते सिनेमाची पोस्टर रंगवत. चार पैसे हाती आले की निसर्गचित्रे काढायला सुरत, बडोदे, अहमदाबादकडे निघत, असे ते सांगत.

सदानंद बाकरे १९२० साली बडोद्यात जन्मले. संस्थापकांतले ते एकमेव शिल्पकार. १९५१ साली ते लंडनला गेले, तिथे चित्रेही काढू लागले. १९७५ च्या सुमारास परतल्यावर ते कोकणात मुरूड-हर्णै येथे राहिले. कलाजगतापासून दूर असतानाच २००७ साली त्यांचे निधन झाले.

गाडे अमरावती जिल्ह्यातले. ते विज्ञानाचे पदवीधर होते. त्यांच्या निसर्गचित्रांत घरे, छपरे, टेकड्या रंगांच्या सपाट तुकड्यांत मांडलेल्या दिसतात.

कुठे पाहाल

*राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, मुंबई.* सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या जुन्या इमारतीत १९९६ पासून हे संग्रहालय आहे. सोमवारी ते बंद असते.

*छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय.* वरील संग्रहालयासमोरच आहे. येथील जहांगीर निकल्सन दालनात आधुनिक भारतीय चित्रांचा मोठा खासगी संग्रह टप्प्याटप्प्याने मांडला जातो.

*टाटा मूलभूत संशोधन संस्था, कुलाबा.* होमी भाभांनी या चित्रकारांची चित्रे ते तरुण असताना संस्थेसाठी विकत घेतली. हुसेन यांचे मोठे भित्तिचित्र येथे आहे. संशोधन संस्था असल्यामुळे सहज प्रवेश मिळत नाही. आधी परवानगी घ्यावी लागते.

पहाटेच्या फ्लाइंग राणीने गेल्यास पहिली दोन ठिकाणे पाहून त्याच गाडीने रात्री सुरतेला परतता येते. दोन्हीकडची प्रदर्शने बदलत असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी सध्या काय मांडले आहे याची चौकशी जरूर करावी.

सभासदांना विनंती

हुसेन आणि रझा यांची नावे लिलावांच्या बातम्यांमुळे मुलांच्याही कानावर पडतात. गाडे आणि बाकरे यांची नावे मात्र मराठी घरांतही फारशी निघत नाहीत. स्वतंत्र संग्रहालय असते तर हे सहाही जण एका छताखाली शेजारी शेजारी दिसले असते. तसे ते नाही, म्हणून मुंबईला मुलांना घेऊन जाल तेव्हा चित्राशेजारच्या पाटीवर ही दोन नावेही शोधा. आणि त्या काळातली एखादी प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका, कॅटलॉग किंवा मासिक कोणाच्या घरी असेल तर रद्दीत घालू नका. मंडळाकडे आणून द्या. आम्ही त्याची प्रत काढून मूळ कागद परत करू.