नुसती सोबत

आजीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ब्यूरोला फोन मीच केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "नर्स पाहिजे, आया पाहिजे, की नुसती सोबत?" तिन्हीचे दर वेगळे. मी 'सोबत' म्हणालो, कारण ती सगळ्यात स्वस्त! दुसऱ्या दिवशी आलेल्या मावशींनी आजीला स्पंज केलं, बेडपॅन दिलं, पेज भरवली आणि रात्री चार वेळा उठल्या. याला 'नुसती सोबत' म्हणतात? मलाच कसंतरी झालं. मग शनिवारी नेहमीप्रमाणे नेटवर खणत बसलो, तर मंडळी, याच एका शब्दावरून अमेरिकेत थेट सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलेलं निघालं.

तिथे १९३८ साली 'फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट' आला. किमान वेतन, आणि ठराविक तासांच्या पुढे काम केलं तर दीडपट पैसे. घरकाम करणाऱ्या बायका मात्र कायद्याच्या बाहेर. १९७४ साली त्यांना एकदाचं आत घेतलं, पण घेताना एक अपवाद ठेवला: वृद्ध किंवा आजारी माणसाला 'कम्पॅनियनशिप', म्हणजे सोबत देणारी बाई यात धरायची नाही. डोळ्यांसमोर असावी ती शेजारची काकू, आजोबांपाशी दुपारी बसणारी.

खरी मेख पुढे आहे. १९७५ मध्ये कामगार खात्याने नियम केले. प्रशिक्षित नर्स अपवादात बसणार नाही, तिला संरक्षण राहील. बाकी आंघोळ घालणारी, भरवणारी, कपडे धुणारी, अंथरूण घालणारी ती 'सोबत'! घरातलं इतर काम तिच्या वेळेच्या २० टक्क्यांच्या आत असलं की झालं. आणि तिला एखाद्या एजन्सीने पाठवलं असलं, तरीही ती सोबतच. म्हणजे शेजारच्या काकूंसाठी लिहिलेली अट पुढे अख्ख्या धंद्याला लागू. (आपण नाही का, एका क्लाएंटसाठी केलेला पॅच सगळीकडे डिप्लॉय करतो? तसंच.)

एव्हलिन कोक ही जमैकाहून न्यूयॉर्कला आलेली बाई. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं सगळं केलं, कधी सलग चोवीस तास, पण ओव्हरटाइम नाही. तिने एजन्सीवर दावा लावला. २००७ च्या जूनमध्ये निकाल आला, नऊ विरुद्ध शून्य, तिच्या विरोधात. गंमत म्हणजे नियम न्याय्य आहे का, हा कोर्टापुढचा प्रश्नच नव्हता. खात्याला असा नियम करायचा अधिकार आहे का, एवढंच बघितलं, आणि तो होता. २००९ साली ती गेली, ७४ वर्षांची होऊन.

नियम बदलला तो २०१३ मध्ये. पुन्हा कोर्टबाजी होऊन २०१५ मध्ये लागू झाला. आता एजन्सीला हा अपवाद वापरता येत नव्हता, आणि प्रत्यक्ष सेवेचं काम २० टक्क्यांच्या पुढे गेलं तर ती 'सोबत' राहत नव्हती. म्हणजे तोच २०चा आकडा, फक्त उलटा फिरवलेला. आणि जुलै २०२५ मध्ये खात्याने जुन्या नियमाकडे परत जायचा प्रस्ताव मांडला! च्यायला, हे रोलबॅक काही संपत नाही.

जाता जाता, आयटीवाल्यांनी फार हसू नये. सोबतीचा अपवाद त्या कायद्याच्या तेराव्या कलमात पंधराव्या नंबरवर आहे. त्याच यादीत सतराव्या नंबरवर कोण? आपण! प्रोग्रामर, सिस्टीम ॲनालिस्ट वगैरे. आपल्यालाही ओव्हरटाइम नाही. फक्त तासावर पगार असेल तर आपल्यासाठी किमान २७.६३ डॉलरची अट आहे. सोबतीसाठी अशी कुठलीच अट नव्हती.

असो. सोमवारी ब्यूरोला फोन करून मावशींना 'आया' करून घेतलं. बाई म्हणाल्या, "का हो सर, पेशंट तोच आहे ना?" दर वाढला. त्यातले मावशींच्या हातात किती पडतात, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.