ओळखपत्राचा इतिहास आणि आपले उपचार

दवाखान्यात केसपेपर काढताना आता आधार कार्डही मागतात. ही पद्धत आली कुठून?

इस्टोनिया या युरोपातल्या छोट्या देशाने २००२ मध्ये चिप असलेले राष्ट्रीय ओळखपत्र दिले. तिथली लोकसंख्या सुमारे १३ लाख. आपल्या हिंगोली जिल्ह्याची २०११ मध्ये ११.७७ लाख होती. २००८ पासून तिथल्या रुग्णांच्या नोंदीही एकाच ठिकाणी मिळू लागल्या.

आपल्याकडे पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आरोग्यासाठीचा १४ अंकी 'आभा' क्रमांक मात्र वेगळा आहे. त्याला जोडलेले जुने रिपोर्ट तुमच्या संमतीनेच डॉक्टरांना दिसतात.

शेतात राबून बोटांचे ठसे झिजतात, कार्डावर नाव चुकलेले असते. पण आधार नाही म्हणून उपचार नाकारू नयेत, असे आधार प्राधिकरणाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. छातीत दुखत असेल, साप चावला असेल, तर कार्ड शोधत बसू नका. आधी दवाखाना गाठा.

नावातली चूक मात्र आजच दुरुस्त करून घ्या. योजनेतून ऑपरेशन ठरल्यावर त्यासाठी धावपळ नको.